औषधाला गेटपास लागत नाही

सई आणि नील,

परवा व्हिडिओ कॉलवर सईने मला एक बाटली दाखवली. अश्वगंधेच्या गोळ्या, लिमलेटसारख्या चघळायच्या, वर रास्पबेरीचा स्वाद. "आजी, तुला अश्वगंधा माहीत आहे का?" असं तिने विचारलं. मी हो म्हटलं आणि तेवढ्यात तिची मीटिंग सुरू झाली. उरलेलं उत्तर लिहून पाठवते. आयुष्यभर मुलींना इंग्रजी शिकवलं, त्यामुळे उत्तर मुद्देसूद लिहायची मला सवय आहे. पण ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे ते मुद्द्यांत बसणारे नव्हते, तेव्हा आठवेल तसं सांगते. मराठी अडलं तर आईला विचारा. तिचीही यात थोडी कामगिरी आहे.

अश्वगंधा मी पहिल्यांदा पाहिली ती इंदूरच्या एका कापड मिलच्या गेटाआड, आणि तिचं मूळ मला हुंगायला लावलं ते आमच्या घरमालकांनी. "घोड्याचा वास येतो की नाही, वहिनी?" त्यांनी विचारलं. मी घोडा कधी इतक्या जवळून हुंगला नव्हता, तरी हो म्हटलं. घरमालकांशी वाद घालायचा नाही, हा तुमच्या आजोबांचा नियम होता.

घरमालक त्या मिलमध्ये टाइमकीपर होते. मजूर त्यांना टाइमबाबू म्हणत, आम्ही टाइमकाका. गेटातून आत शिरलं की लगेच टाइम ऑफिसची खिडकी, आणि खिडकीत काका. कोण वेळेवर आलं, कोण उशिरा, कोण आलंच नाही, हे पाहायचं त्यांचं काम. संध्याकाळी बाहेर पडणाऱ्यांची झडती नीट होते की नाही, हेही तेच बघत. मिलमधून सुताचा धागा न्यायचा तरी गेटपास लागे, आणि पासवर सही काकांची. एकदा मोठ्या साहेबांच्या बायकोची आंब्यांची टोपली त्यांनी गेटवर उतरवून घेतली होती, कारण आंबे मिलच्या आवारातल्या झाडाचे होते. पास तयार होईपर्यंत बाई मोटारीत बसून राहिल्या. घरमालकीण काकू सांगत, तोवर टोपलीतले कच्चे आंबेही पिकले.

नियम स्वतःलाही होता. ड्यूटी संपली की काका गेटात उभे राहून दोन्ही हात वर करत आणि चौकीदार रामदीनजी त्यांचे खिसे चाचपत. ही सवय अंगात अशी मुरली की कुणाच्याही घरातून निघताना ते उंबऱ्याशी थांबत, हात वर करत, क्षणभर वाट बघत आणि मगच चपला घालत. लग्नघरातून निघतानाही. नवख्या माणसाला वाटे, जेवण जड झालंय, आळस देताहेत. तुमची आई तेव्हा शाळेत होती. ती धावत जाऊन त्यांचे खिसे चाचपायची आणि रामदीनजींच्या आवाजात म्हणायची, "जाने दो." काका समाधानाने जिना उतरायचे.

आता वनस्पतींचं. मिलमध्ये कापसाची धूळ फार. मजूर खोकत, वाफेच्या नळांनी हात भाजून घेत. त्यांतले पुष्कळजण आसपासच्या गावांतले होते. त्यांच्यातल्या कुणीतरी कधीतरी काकांना अडुळशाचं रोप आणून दिलं. मग कोरफड आली. मग तुळस, ब्राह्मी, शतावरी, अश्वगंधा. टाइम ऑफिसच्या भोवती कुंड्यांची रांग लागली आणि बाजूच्या कडुनिंबावर गुळवेल चढली. कडुनिंबावरची गुळवेल सगळ्यांत गुणकारी, असं काका सांगत, कारण ती सगळ्यांत कडू. औषधशास्त्रातलं त्यांचं मुख्य तत्त्व हेच होतं. कडू असेल ते चांगलं, फार कडू असेल ते फार चांगलं. ज्येष्ठमधावर त्यांचा विश्वास नव्हता. गोड आहे म्हणजे लबाड आहे, म्हणायचे.

औषधांनाही मिलचेच कायदे होते. कायम मजूर गैरहजर असला की त्याच्या जागी बदली मजूर उभा करतात, तसंच इथेही. "ब्राह्मी आज रजेवर आहे. बदलीवर तुळस घ्या." त्यामुळे त्यांच्याकडून एकच औषध दोनदा कुणाला मिळालं नसेल. भाडेकरू म्हणून रोज सकाळी आम्हाला फुलपात्रभर काढा प्यावा लागे. भाडं चार दिवस उशिरा दिलं तर चाले, काढा उशिरा प्यायलेला चालत नसे. तुमचे आजोबा बँकेत अधिकारी होते, लोक त्यांना घाबरत. ते नाक दाबून काढा पीत आणि दिवसभर कुणाचंही कर्ज मंजूर करत नसत.

लालबागेच्या जत्रेत एका जडीबुटीवाल्याने काकांना 'हिमालय की असली गुळवेल' विकायचा प्रयत्न केला. काकांनी तुकडा चावला आणि शांतपणे म्हणाले, "भिया, हिमालय छोड़ो, यह तो मेरे गेट के अंदर वाली है. पास दिखाओ." जडीबुटीवाल्याला अजून कळलं नसेल की त्याच्याकडे नक्की काय मागितलं.

एक सांगून ठेवते. हे वाचून तुम्ही काही उकळू नका. या वनस्पती सगळ्यांनाच मानवतात असं नाही, आणि दुसरं औषध चालू असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. काकांनी कुणालाच कधी विचारलं नाही. मात्र स्वतः ते यांतलं काही म्हणजे काही घेत नसत. काकूंनी विचारलं तर म्हणत, "टाइमकीपर आजारी पडला तर हजेरी कोण घेणार?"

मग मिल बंद पडली. ज्या दिवसांत गल्लीत घराघरावर डिश अँटेना आल्या आणि पानाच्या दुकानात परदेशी कोल्ड्रिंक दिसायला लागलं, त्याच दिवसांत इंदूरचे भोंगे एकेक करून गप्प झाले. आमच्या मिलच्या गेटाला कुलूप लागलं, सील लागलं, कोर्टाने नेमलेल्या साहेबाचा कागद चिकटवला गेला. आत फक्त रामदीनजी राहिले, राखणीला. आणि आत राहिल्या काकांच्या कुंड्या.

तो वैशाख होता. मिलचं पाणी तोडलेलं. रामदीनजी स्वतःच्या मडक्यातलं पाणी कुंड्यांना घालत, पण मडकं ते केवढं. काका रोज पहिल्या पाळीच्या वेळी कपडे करून गेटावर जात आणि गजांतून ओरडत, "रामदीनजी, कोरफडीला पाणी नको, तिला सवय आहे. ब्राह्मीला द्या, ब्राह्मी मरतेय." रोज एक कुंडी वाळायची. रोज काका घरी येऊन त्या कुंडीचं नाव सांगायचे, घरातलं माणूस गेल्यासारखं, आणि धड जेवायचे नाहीत.

तुम्ही म्हणाल, रामदीनजींनी दार उघडून कुंड्या देऊन टाकायच्या. रामदीनजी तयारच होते. पहिल्याच दिवशी म्हणाले, "बाबूजी, पीछे की दीवार से निकाल देता हूँ. कौन देखता है?"

"मैं देखता हूँ," काका म्हणाले.

गेटातून काही न्यायचं तर पास हवा. पासवर सही टाइमकीपरची हवी. टाइमकीपर आता नोकरीत नव्हते, म्हणून त्यांची सही चालत नव्हती. हा नियम त्यांनी स्वतःच बसवलेला होता, आणि त्यात कुठे फट राहिलेली नाही याचा त्यांना त्याही स्थितीत अभिमान वाटत होता. एका विणकराने डब्यात चिंधी नेली म्हणून त्यांनी त्याला घरी बसवला होता. आता स्वतःच्या कुंड्या भिंतीवरून कशा उचलणार?

काकांनी मला कोर्टाच्या साहेबांना इंग्रजीत अर्ज लिहून द्यायला सांगितला. मी लिहिला, उत्तम लिहिला. उत्तर आलं की कुंड्या ही मिलची जंगम मालमत्ता असून त्यांचा निकाल यथावकाश, यंत्रसामग्रीबरोबर लागेल. ते पत्र काकांना मराठीत सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "यथावकाश म्हणजे पावसाच्या आधी का?"

आता काकूंबद्दल सांगायला हवं. काका आयुष्यात पहिल्यांदा दिवसभर घरी होते. हजेरीशिवाय त्यांना राहवेना, म्हणून ते काकूंची हजेरी घेऊ लागले. दूध किती वाजता तापलं, कणीक कधी भिजली, मंदिरातून यायला आज वेळ का झाला. काकू माझ्याकडे वर येऊन बसत. म्हणत, "वहिनी, यांना कुठंतरी लावा हो. कुठंही. पोलोग्राउंडला एवढे कारखाने आहेत, एखाद्या गेटावर नुसतं उभं करतील तरी चालेल. पगार नको."

आणि काकूंनीच तोड काढली. एका दुपारी काका ताटावर बसून शतावरी वाळल्याचं सांगत होते. मी लिंबं द्यायला खाली गेले होते.

"नियम कोणी केला?" काकूंनी विचारलं.

"मी."

"मग मला सांगा, मिल चालू असताना कुणी खोकत आला आणि तुम्ही त्याला अडुळसा दिला, तर तो अडुळसा गेटाबाहेर न्यायला त्याला पास लागत होता का?"

काकांनी घास खाली ठेवला. "औषधाला पास नव्हता," ते म्हणाले. "तपासून दिलेलं औषध होतं ते."

"मग द्या की तपासून," काकू म्हणाल्या आणि त्यांच्या पानात आमटी वाढली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीच्या वेळेला गेटासमोर रांग लागली. समोरच्या पोहेवाल्याने बातमी पसरवली होती. मिल बंद झाल्यापासून इतकी माणसं तिथे जमली नव्हती. काका गेटाच्या बाहेर स्टुलावर बसले, इस्त्रीचा शर्ट घालून. आत गजांपलीकडे रामदीनजी विळा घेऊन उभे. मी आणि काकू रांगेच्या शेवटी. सर्वांत पुढे शंकर, विणखात्यातला, आजारपणाच्या रजा घेण्यात अख्ख्या मिलमध्ये पहिला.

"नाम?" काकांनी विचारलं.

"क्या बाबूजी, नाम भूल गए क्या?"

"नाम."

"शंकर."

"तकलीफ?"

शंकर खोकला. छान, लांबवून, शेवटी छातीला हात लावून खोकला. काकांनी डोळे मिटून ऐकलं.

"यह खाँसी मुझे याद है, शंकर. रंगपंचमी के दूसरे दिन वाली. झूठी है. आगे चलो."

रांगेत कुजबुज झाली. दुसऱ्याची कंबर दुखत होती. काकांनी त्याला वाकायला लावलं. तो वाकला. "फिट है. आगे." तिसऱ्याचा ताप हात लावल्यावर नव्हता. चौथ्याला पोटदुखी होती, पण हातात पोह्यांची प्लेट होती. ज्या लोकांनी उभ्या आयुष्यात काकांना खोटी दुखणी सांगितली होती, त्यांची खोटी दुखणी काकांना एकूण एक पाठ होती, आणि औषधाच्या बाबतीत खोटं चालवून घ्यायला ते तयार नव्हते. सूर्य वर यायला लागला. रामदीनजींच्या हातातला विळा तसाच.

"बाबूजी," रामदीनजी गजांतून हळूच म्हणाले, "ऐसे तो शाम तक एक पत्ता नहीं निकलेगा. और शाम तक पत्ता बचेगा भी नहीं."

"तो मैं क्या करूँ? ये सब तंदुरुस्त हैं."

तेव्हा काकू रांग सोडून पुढे आल्या. पदर खोचून स्टुलासमोर उभ्या राहिल्या.

काकांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग नियम तो नियम. "नाव?"

काकूंनी नाव सांगितलं. चारचौघांत दोघं एकमेकांसमोर अशी नावानिशी उभी राहिलेली मी तेव्हाच पाहिली.

"काय होतंय?"

"डोकं दुखतं."

"कधीपासून?"

"मिल बंद झाल्यापासून."

"कुठल्या बाजूला?"

"तुम्ही घरात ज्या बाजूला बसता, त्या बाजूला."

मराठी न येणाऱ्यांना शेजारच्यांनी भाषांतर करून सांगितलं, त्यामुळे हसू दोन हप्त्यांत आलं. काका हसले नाहीत. त्यांनी काकूंच्या डोळ्यांखाली पाहिलं, जरा वेळ पाहिलं, आणि मान वळवून म्हणाले, "रामदीनजी, ब्राह्मी. जड़ के साथ." मग काकूंना हळूच विचारलं, "झोप येते का गं?"

"भोंग्याशिवाय कशी येईल? उठायचं कधी तेच कळत नाही."

काका स्टुलावरून उठले. रांगेतल्या सगळ्यांकडे त्यांनी एकवार पाहिलं आणि मोठ्याने विचारलं, "किसको नींद नहीं आती?"

आधी शंकरने हात वर केला. त्याच्यामागे कंबरवाल्याने, पोहेवाल्याने, रिळं भरणाऱ्या कमलाबाईने. सगळी रांगच हात वर करून उभी राहिली, झडतीला उभी राहावी तशी. मिल सुटल्यावर रोज दिसायचं तसंच ते दिसलं.

"आता खरं बोललात," काका म्हणाले आणि परत बसले.

मग कामाला वेग आला. झोपेवर अश्वगंधा, मुळासकट, कारण मूळच औषध. अश्वगंधा संपली तेव्हा बदलीवर ब्राह्मीचे फुटवे. कमलाबाई म्हणाली, "टाइमबाबू, तुम्हारे वास्ते बीमार पड़ी हूँ, जरा बढ़िया माल देना," आणि कोरफडीची तीन पिल्लं पदरात घेऊन गेली. शंकरला काकांनी अडुळशाची फांदी दिली. "आज झूठा खाँसा है, कल सच्चा खाँसेगा. बीड़ी कम कर."

शेवटी माझी पाळी आली. माझा खोटं बोलायचा स्वभाव नाही, आणि झोप मला उत्तम लागत होती.

"वहिनी, तुम्हाला काय?"

"पित्त," मी म्हटलं. ते खरं होतं.

"कशानं?"

"तुमच्या काढ्यानं."

त्यांनी मनाला लावून घेतलं नाही. वैद्यकीय माहिती म्हणूनच ऐकलं. "पित्तावर गुळवेल," ते म्हणाले. रामदीनजींनी कडुनिंबावरून बोटाएवढा जाड, हातभर लांब तुकडा तोडून गजांतून दिला. त्या दिवशी कुणाला मिळालं नव्हतं एवढं लांब औषध मला मिळालं, आणि त्याचा मला थोडा अभिमानही वाटला, हे कबूल करते.

पुढे कोर्टाचे साहेब मोजणीला आले. कुंड्या सगळ्या जागच्या जागी होत्या. रोपं कुठे, असं विचारल्यावर रामदीनजींनी सांगितलं, "दवाई में खर्च हो गईं."

काकूंचा हिशोब असा होता की लोक ती रोपं आमच्या अंगणात आणून लावतील, काका दिवसभर अंगणात राहतील आणि घरात शांतता होईल. दुसऱ्या दिवशी शंकर अडुळसा घेऊन आलाही. काकांनी त्याला फाटकातूनच परत पाठवला. "दी हुई दवाई वापस नहीं लेते. अपने घर लगा." सगळ्यांना तेच. त्यामुळे मिलचा बगीचा शहरभर पसरला आणि काकांच्या स्वतःच्या अंगणात एक पान आलं नाही. त्यांना दुखणं नव्हतं, मग औषध कशाला?

पण रोपं कामावर आहेत की नाहीत हे बघायला नको का? काका सकाळी सायकल काढत ते संध्याकाळी परतत. दारात उभे राहून हाक मारत, "अडुळसा." आतून शंकरने "हाज़िर" म्हणायचं. मग ते पानांखाली बोट घालून बघत, शंकरची बिडी बघत, आणि पुढच्या घरी. आमच्या जिन्याखाली उभे राहून "गुळवेल" म्हणत. तुमची आई गॅलरीतून "हाजिर" म्हणायची. काकूंना दिवसाचे आठ तास मोकळे मिळाले. त्यांचं डोकं दुखायचं ब्राह्मीने थांबलं असं काका अखेरपर्यंत सांगत राहिले. काकू हसत आणि मला कोपर मारत.

आम्ही विजय नगरच्या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा गुळवेलीची फांदी बरोबर आणली. तुम्ही लहानपणी गॅलरीच्या जाळीवर जी वेल ओरबाडायचात, तीच. काका इथेही येत, आधी सायकलने, मग बसने. मॉलच्या पायऱ्यांवर दम घेत बसत, आणि मॉलच्या गेटावरचा मुलगा बॅगा कशा वरवर तपासतो ते मला वर येऊन सांगत.

शेवटचे आले ते काकू गेल्यानंतरच्या पावसाळ्यात. हजेरी झाली, चहा झाला. काढ्याची चौकशी केली नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. निघताना दाराशी थांबून त्यांनी सवयीने दोन्ही हात वर केले. तुमची आई केव्हाच सासरी गेलेली, आता कोण चाचपणार? पण हात वर झाले तसा त्यांच्या शर्टाच्या खिशातून वेलीचा हिरवा शेंडा बाहेर आला.

"काका, हे काय?"

हात वर तसेच. "गुळवेल."

"पास?"

"औषध आहे, वहिनी."

मी त्यांच्यासारखंच विचारलं, "नाव?"

त्यांनी नाव सांगितलं. इतकी वर्षं मी त्यांना ओळखत होते, पण त्यांच्या तोंडून ते पहिल्यांदाच ऐकलं.

"काय होतंय?"

"डोकं दुखतं."

"कुठल्या बाजूला?"

"ती बसायची, त्या बाजूला."

"मग त्यावर ब्राह्मी देतात," मी म्हटलं. "तुम्हीच द्यायचात."

"ब्राह्मी आता कुणाकडे राहिली नाही. बदलीवर चालेल."

मी त्यांचा खिसा हाताने वरून चाचपला, शेंडा मोडणार नाही असा आत सारला आणि म्हटलं, "जाने दो." त्यांनी हात खाली घेतले, चपला घातल्या आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने गेले.

तर सई, अश्वगंधा मला माहीत आहे. रास्पबेरीच्या स्वादाची माहीत नाही, आणि काकांनी तर ती गोड आहे एवढ्यावरूनच परत पाठवली असती. पण त्या दिवशी तुझी मीटिंग सुरू झाली आणि मुख्य गोष्ट विचारायची राहून गेली. आता फोन कर आणि नीट सांग. तकलीफ काय आहे?

तुमची,
आजी